बरा माणूस आहे तो

बर्नडेट म्हणाली, "घाबरू नकोस बाळा. बरा माणूस आहे तो. सगळ्यांबद्दल चांगलंच लिहितो." आणि लिडिया म्हणाली, "थँक यू." झालं ते एवढंच. रसेल हॅवरकॅम्प तेव्हा हात धुऊन बेकरीच्या मागच्या स्वच्छतागृहातून बाहेर येत होता आणि ओल्या कागदी रुमालाचा बोळा कुठे टाकावा ते शोधत होता. बोळा हातातच राहिला. बर्नडेट म्हणजे त्या बेकरीतली कायमची बाई. गल्ल्यावर ती, टेबलं पुसायला ती, आणि गिऱ्हाइकानं काय खावं हे गिऱ्हाइकाच्या आधी ठरवायलाही तीच. लिडिया म्हणजे रसेलची मुलगी, एकुलती एक. बर्नडेटला ते ठाऊक नव्हतं, आणि यात तिची काही चूक नव्हती. वर्षानुवर्षं, पानं गळायला लागली की रसेल खिडकीजवळच्या त्याच टेबलाशी बसून आसपासच्या गावांतल्या, शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या पोरांच्या मुलाखती घेत आला होता. ज्या विद्यापीठात तो स्वतः शिकला, तिथे जाऊ पाहणारी ही पोरं. विद्यापीठ शंभरातली चार-पाच घेतं आणि उरलेल्यांना अतिशय सुंदर भाषेत दुःख कळवतं. त्याचं नाव इथे सांगायला हरकत नाही, पण आमच्या भागात ते सांगायची पद्धत नाही. तिथे शिकलेला माणूस 'मी तिकडे होतो चार वर्षं' एवढंच म्हणतो. जुन्या बायका नवऱ्याला जसं 'हे' म्हणत, तसं हे लोक विद्यापीठाला 'तिकडे' म्हणतात, आणि समोरच्यानं फार आग्रह केला तरच, उखाण्यात घ्यावं तसं, मान खाली घालून नाव घेतात.

तर बर्नडेटनं आजवर त्या टेबलाशी बसलेली कितीतरी पोरं पाहिली होती. इस्त्रीचे सदरे, नवे बूट, खुर्चीच्या कडेवर टेकलेली, हॉट चॉकलेटला हात न लावणारी. त्यांतल्याच एकीला तिनं धीर दिला. म्हणजे लिडिया खुर्चीच्या कडेवर बसली होती, असा त्याचा अर्थ. रसेलनं लांबूनच पाहिलं. बसली होती. पाठ सरळ, हात मांडीवर, हॉट चॉकलेटवर साय धरलेली. ही मुलगी घरी खुर्चीत बसते ती पाय खुर्चीच्या एका हातावर टाकून, डोकं दुसऱ्या हातावर, अशी की खुर्चीनं तिला गिळायचा प्रयत्न अर्ध्यावर सोडून दिलाय असं वाटावं. तिला इथे आणायची कल्पना त्याचीच. एरवी शनिवारी बायकोसकट ते तिघं रस्त्यापलीकडच्या खानावळीत जायचे, तिथे अंडी आणि गोंगाट दोन्ही भरपूर मिळायचं. पण आज त्याला शांतपणे बोलायचं होतं. त्याला जी शांत जागा माहीत होती ती हीच, आणि शांत जागेत समोर बसलेल्या मुलाशी बोलायची जी रीत त्याला येत होती, तीही एकच होती. हात धुवायला उठायच्या आधी त्यानं तिला काय विचारलं होतं, ते आता त्याला आठवलं, आणि कानामागे गरम वाटायला लागलं. त्यानं विचारलं होतं, "बरं, सध्या काय वाचतेयस?"

पण बर्नडेटचं बोलणं त्याला टोचलंच नव्हतं. ते विनोदी होतं, चार लोकांत सांगण्यासारखं होतं. टोचलं ते 'थँक यू'. लिडिया 'अहो, ते माझे वडील आहेत' म्हणू शकली असती. हसू शकली असती. बर्नडेट हसली असती, कपाळावर हात मारून घेतला असता, एखादा दालचिनीचा रोल फुकट आला असता. पण लिडियानं वर पाहिलं, आणि ज्या आवाजात माणूस खरोखर आभार मानतो त्या आवाजात आभार मानले. रसेल परत येऊन बसला. बोळा त्यानं खिशात घातला होता, तो मांडीला ओला लागत होता. काहीतरी बोलायला हवं होतं. त्यानं मनातल्या मनात एकेक वाक्य उचलून पाहिलं, आणि प्रत्येक वाक्य त्या टेबलाचं निघालं. शाळेबाहेर वेळ कसा घालवतेस. अलीकडे कशाबद्दल मत बदललं. मला काही विचारायचंय का तुला. इतक्या वर्षांत त्यानं ही वाक्यं इतकी घासूनपुसून मऊ केली होती की ती ऐकून कुणालाही वाटावं, हा माणूस आपल्याशी गप्पा मारतोय. शेवटी तो म्हणाला, "निघू या?" आणि लिडिया इतक्या चटकन उठली की ते उत्तर मात्र कुठल्याही तयारीचं नव्हतं, एवढं त्याला कळलं.

गाडी घराकडे निघाली. रस्त्याच्या दोन्ही कडांना पानांचे ढीग, आणि प्रत्येक अंगणात कुणीतरी पाठीला यंत्र लावून आपली पानं शेजाऱ्याकडे फुंकत होतं. आमच्या गावात ऑक्टोबर संपत आला की दोन गोष्टींबद्दल कुणी कुणाशी बोलत नाही. एक, कोणाच्या मुलानं कुठे अर्ज केलाय. दोन, पहिलीबद्दल आपण बोलत नाही आहोत, हे. 'लवकरचा' अर्ज म्हणजे हिवाळ्याआधीचा अर्ज, तो एकाच ठिकाणी करता येतो, आणि त्यांनी घेतलं तर जाणारच, असा शब्द द्यावा लागतो. त्या शब्दाखाली तीन सह्या लागतात: मुलाची, शाळेतल्या समुपदेशकाची आणि पालकाची. पुढे मन बदललं, दुसरीकडून निरोप आला, चालत नाही. आपल्याकडे सुपारी फुटल्यावर सोयरीक मोडणाऱ्याकडे जसं पाहत, तसं शाळा त्या घराकडे पुढची दहा वर्षं पाहते. शब्द देणाऱ्यांना विद्यापीठ जरा उदारपणे घेतं, म्हणून ज्याला मुळीच खात्री नाही तोही छातीवर हात ठेवून एकाच ठिकाणी जीव जडल्याचं सांगतो. त्यात आई-बाप तिथलेच असले तर विद्यापीठ आणखी जरा झुकतं माप टाकतं. हे ते कधी कबूल करत नाही, आणि कधी नाकारतही नाही. गेल्या वर्षी कोपऱ्यावरच्या ऑर्सन मीकरनं निकालाच्या आधीच गाडीच्या मागच्या काचेला विद्यापीठाचं चिकटपट्टीचं नाव लावलं होतं. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. निकाल लागल्यावर तो दुपारभर अंगणात ब्लेडनं काच खरवडत बसला होता, आणि त्या दिवशी त्या गल्लीतून कुणीही कुत्रं फिरवायला नेलं नाही. आमच्या गावातलं सौजन्य हे असं असतं.

लिडियाची सही झाली होती. समुपदेशक मिसेस पेट्रिलोचीही झाली होती. राहिली होती ती रसेलची. त्या सहीला काही लागायचं नाही, पडद्यावरच्या चौकटीत नाव टाइप करायचं, की झाली. पण गेले कित्येक दिवस तो ती लांबवत होता, कारण त्याला ती नीट करायची होती. त्याच्या मनात एक दृश्य होतं. शनिवारची सकाळ, बेकरी, तो तिला आपलं पहिलं वर्ष सांगतोय, मग दोघं घरी येतात, आणि तो सही करतो. दृश्यात ती खुर्चीच्या कडेवर नव्हती. सिग्नलला थांबल्यावर त्यानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्याकडे पाहिलं. ती काचेबाहेर पाहत होती. तिचं नाक त्याचं होतं. मधे जरासं उंचवटलेलं, त्याच्या आईकडून आलेलं. तान्ही असताना तिला तिकडच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला नेलं होतं, विद्यापीठाच्या रंगाचं झबलं घालून. पाच वर्षांनी पुन्हा, मग पुन्हा. हिरवळीवर तंबू, प्लास्टिकच्या पेल्यांत बिअर, टक्कल पडलेले मित्र तिला विचारायचे, "काय गं, तूही इकडेच ना?" आणि ती मान हलवायची, कारण लहान मुलं मान हलवतात. तेव्हा त्याला किती बरं वाटलं होतं. आता त्याला वाटलं, आपण ज्याला तिची इच्छा म्हणतोय ती म्हणजे फार पूर्वी हलवलेली एक मान असेल. बाकीचं सगळं तिच्यावर चढत गेलं असेल, जुन्या खुर्चीवर रंगाचे थर चढतात तसं.

त्याचं स्वतःचं तसं नव्हतं. ओहायोतल्या एका गावात त्याचा बाप पाण्याचे नळ आणि बॉयलर दुरुस्त करायचा, आणि रसेलनं त्या विद्यापीठाचं नाव ऐकलं तेच एका गणिताच्या मास्तरांकडून, आणि तेही मास्तरांना दुसऱ्याच मुलाला सांगायचं होतं, तो आजारी होता म्हणून. बापानं एकच प्रश्न विचारला होता, "लांब आहे का?" लांब होतं. पहिल्या हिवाळ्यात तिथल्या ग्रंथालयाच्या तळघरात, गरम पाण्याच्या पाइपांमधल्या एका अरुंद टेबलाशी तो बसायचा. पाइप ठोठावल्यासारखे वाजायचे, ओल्या लोकरी कोटांचा वास यायचा, आणि त्याला कळायचं की हे पाइप कसे बसवलेत हे आपल्याला माहीत आहे आणि शेजारी बसलेल्या सिनेटरच्या मुलाला माहीत नाही. आणि त्या मुलाच्या समोरच्या पुस्तकात काय आहे तेही आता आपल्याला माहीत आहे. तेव्हा जो आनंद झाला होता, त्या आनंदाचं तो आयुष्यभर व्याज खात आला. मुलाखती घ्यायचा तोही त्यासाठीच. एखाद्या पोराला त्या तळघरात नेऊन बसवता आलं तर. बसवता येत नसे, हा भाग वेगळा. ज्यांच्याबद्दल त्यानं पानपान भरून लिहिलं, ती मधमाश्या पाळणारी मुलगी, आजोबांची बोली ध्वनिमुद्रित करून ठेवणारा मुलगा, त्यांना विद्यापीठानं दुःख कळवलं. आणि एका मुलाबद्दल त्याला लिहायला काही सुचेना म्हणून त्यानं 'वेळेवर आला' असं लिहिलं, त्याला घेतलं. हळूहळू त्याला संशय यायला लागला होता की मुलाखती या मुलांसाठी नसून आपल्यासारख्या माजी विद्यार्थ्यांना शरद ऋतूत काहीतरी काम असावं म्हणून असतात. तरी तो जायचा. या वर्षी मात्र नाही. ज्या वर्षी स्वतःचं मूल अर्ज करतं त्या वर्षी मुलाखती घ्यायच्या नाहीत असा नियम आहे, आणि रसेल नियम पाळणारा माणूस आहे. या वर्षी त्यानं फक्त एकच मुलाखत घेतली.

घरी कॉनी, त्याची बायको, फाटकाशी पानं गोळा करत होती. यंत्रानं नव्हे, दाताळ्यानं. लिडिया गाडीतून उतरून सरळ आत गेली. रसेलनं कॉनीला झाला प्रकार सांगितला. विनोद म्हणून सांगायला सुरुवात केली आणि मधेच त्याचा आवाज जरा घसरला. कॉनी राज्याच्या साध्या विद्यापीठात शिकली होती, तिचं नाव ती मोठ्यानं घ्यायची, आणि तिकडच्या मेळाव्यांत टकलू मित्रांना आपण कुठे शिकलो ते सांगून त्यांच्या चेहऱ्यावरचं सौजन्य बघणं हा तिचा आवडता खेळ होता. ती दाताळ्यावर हनुवटी टेकून ऐकत राहिली. मग म्हणाली, "काय वाचतेयस विचारलंस ना?"

रसेल बुटाच्या टोकानं एक पान उलटवत राहिला.

"विचारलंसच. बर्नडेटचं काय चुकलं मग? मी असते तर मीही त्या पोरीला धीर दिला असता."

त्यानं विचारलं, तुला काय वाटतं, तिला खरंच जायचंय का तिकडे? कॉनी म्हणाली, मला वाटून काय उपयोग, मला तर तू कधी विचारलंच नाहीस की मला खरंच लग्न करायचंय का. मेळाव्यात एकदम सगळ्यांसमोर जाहीर केलंस. ते खरं होतं. मग ती जरा मऊ पडली. म्हणाली, "आत जा आणि विचार. आणि प्रश्न विचारल्यासारखं विचारू नकोस." हे कसं करायचं ते तिनं सांगितलं नाही, आणि पुन्हा पानांकडे वळली.

जिना चढताना त्याला गेल्या वसंतातली एक सकाळ आठवली. लिडिया शाळेच्या नौकेवर सुकाणू धरते. आठ धिप्पाड मुली पाठमोऱ्या वल्ही मारतात, आपण कुठे चाललोय ते त्यांतल्या एकीलाही दिसत नाही. दिसतं ते फक्त टोकाला बसलेल्या या लहानखुऱ्या मुलीला. तो पुलावर इतर पालकांबरोबर उभा होता, आणि खालून एक आवाज आला, कर्ण्यातून, फाटका, उर्मट, शिव्या देणारा, त्या आठ जणींना हाकणारा. शेजारच्या बाईला तो म्हणाला होता, कोण ही भवानी? आणि नौका पुलाखालून बाहेर आली तेव्हा त्याला दिसलं, कोण ते. घरी ही मुलगी मीठ मागायलासुद्धा कुजबुजते. त्या दिवशी त्याला अभिमान वाटला, आणि त्याच्या मागोमाग भीती. असा आवाज आपल्या घरात राहतो आणि आपल्याला माहीत नाही, याची. ती भीती तेव्हा त्यानं अभिमानाखाली ढकलून दिली होती. आता, तिच्या दाराबाहेर, ती वर आली.

लिडिया पलंगावर मांडी घालून बसली होती, समोर लॅपटॉप. त्यानं टेबलाजवळची खुर्ची ओढली, मग ती सोडून जमिनीवरच बसला, गालिच्यावर. गुडघा वाजला. तो म्हणाला, "तुला खरंच जायचंय तिकडे?"

ती सांगायला लागली. तिथे नद्यांच्या गाळाचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्या हाताखाली पहिल्याच वर्षापासून काम करता येतं; वसतिगृहांची पद्धत तिला आवडते, कारण वेगवेगळ्या विषयांची माणसं एकत्र जेवतात; आणि गाव लहान आहे, नदीकाठी आहे, तिला नदीशिवाय राहता येणार नाही. तीन मुद्दे. शेवटचा जरासा वैयक्तिक, थोडा हसरा. रसेल ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याच्या लक्षात आलं की आपण मनात लिहितोय: 'विचारांत स्पष्टता. उत्साह खरा वाटतो.' खरा वाटतो. हे त्यानं आजवर कितीतरी पोरांबद्दल लिहिलं होतं आणि त्याला कधी प्रश्न पडला नव्हता, की खरा आहे का. ज्या कानानं त्यानं परक्यांची पोरं ऐकली तोच एक कान त्याच्यापाशी होता, आणि आज स्वतःच्या मुलीचं बोलणं त्या कानातून येताना परकं होऊनच येत होतं. ती खोटं बोलत असेल, खरं बोलत असेल. उत्तर इतकं चांगलं होतं की त्यातून काहीच दिसत नव्हतं.

"हे उत्तर झालं," तो म्हणाला.

"मग तू प्रश्न विचारलास ना, डॅड."

तो गालिच्याचा एक सुटलेला धागा ओढत राहिला. मग त्यानं तिला विचारलं, बर्नडेटला सांगितलं का नाहीस? ते विचारताना आवाज हवा तेवढा हलका निघाला नाही. लिडियानं लॅपटॉप बंद केला. बराच वेळ ती बोटाच्या नखाशी खेळत होती. बोलली तेव्हा कुजबुजली नाही, आणि कर्ण्यातलाही तो आवाज नव्हता. तिसराच होता, जरा जड.

"तिला माहीतच नव्हतं मी तुझी कोण ते. तिला वाटलं, आली कुणीतरी मुलगी, घाबरलीय बिचारी. डॅड, या वर्षभरात मला कुणीही 'घाबरू नकोस' म्हटलेलं नाही. मी कशाला घाबरेन? माझं तर घरचंच आहे. मिसेस पेट्रिलो सही करताना हसून हेच म्हणाली. नौकेवरच्या पोरी म्हणतात, तुझी खुर्ची तुझ्या बापानं गरम करून ठेवलीय. आणि तू... तू तर झबलंच घातलंयस मला. मी घाबरलेय, हे त्या बाईला दिसलं. म्हणून थँक यू म्हटलं."

रसेलला वाटलं, आता आपल्याला सगळं कळलं. कळल्यावर त्याला एकदम उदार वाटायला लागलं. छातीत काहीतरी पसरलं, दुखरं आणि थोडं आरामदायक. तो म्हणाला, मी सही करत नाही. तू मोकळी आहेस. दुसरीकडे कुठेही अर्ज कर, हिवाळ्यात कर, सावकाश कर, मला वाईट वाटणार नाही. हे बोलताना त्याला आपण बरे दिसतोय असं वाटत होतं, आणि लिडियाच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर कळलं की आपण पुन्हा काहीतरी घोळ घातलाय.

"बघ," ती म्हणाली. "आता नको म्हणण्याचा निर्णयही तूच घेतलास."

"तसं नाही गं..."

"मला जायचंय तिकडे. खरंच जायचंय, हेच तर वाईट आहे. मी इतर सगळं पाहून आले. कॅलिफोर्नियात आईबरोबर गेले, तिथे लिंबाची झाडं होती, मी मनाशी म्हटलं, आवडू दे, आवडू दे हे. नाही आवडलं. तुला आवडतं म्हणून मला आवडत नाही असं निघालं असतं तर किती सोपं झालं असतं. पण मला तेच हवंय, आणि ते तुझ्याकडून आलंय की माझं आहे हे मला कधीच कळणार नाही. नाकाचं कळतं का? माझं आहे, बस."

बाहेर दाताळ्याचा आवाज थांबला होता, पुन्हा सुरू झाला. मग लिडिया म्हणाली की तिला एक गोष्ट करायचीय आणि त्याला चालणार असेल तरच करेल. अर्जात आई-वडिलांचं शिक्षण विचारतात, कुठल्या विद्यापीठात ते विचारतात. आईचं ती लिहिणार. त्याचं ती रिकामं सोडणार.

ती काय म्हणतेय हे कळायला रसेलला क्षणभर लागला, आणि कळल्यावर त्याच्या आतला आमच्या गावातला माणूस अक्षरशः उठून उभा राहिला. ज्या एका शब्दासाठी ऑर्सन मीकरनं आपली एक किडनी हसत दिली असती, तो शब्द ही पोर पुसतेय. त्याचं मेळाव्यांना जाणं, ती पेल्यांतली बिअर, ती पानपान भरून लिहिलेली वर्णनं, दर वर्षी पाठवलेली वर्गणी, हे सगळं त्यानं प्रेमानं केलं होतं, अगदी प्रेमानं. आणि आता त्याच्या ध्यानात आलं की त्या प्रेमाच्या तळाशी, बँकेत ठेवावं तसं, काहीतरी त्यानं हिच्या नावानं ठेवलं होतं. ते ती घेत नव्हती. मग त्याला दुसरं काही आठवलं आणि ते अधिक वाईट होतं. रिकामं सोडून काहीच होणार नव्हतं. ज्या विद्यापीठानं, तो प्रत्येक वेळी घर बदलून खोकीही सोडायच्या आत, नव्या पत्त्यावर वर्गणीचं पत्र पाठवून त्याला शोधून काढलं होतं, त्याला या गावातली हॅवरकॅम्प आडनावाची मुलगी कोणाची हे शोधायला किती वेळ लागणार? त्याच्या नावाखालची सहीच पुरे होती. पोरगी दार लावून घेत होती, आणि भिंतच नव्हती. सांगावं का? सांगितलं तर तिचं एवढंसं, स्वतःचं म्हणून केलेलं काहीतरी, तोच मोडणार. नाही सांगितलं तर ती आयुष्यभर एका गैरसमजावर उभी राहील, आणि तो खाली बसून तो गैरसमज धरून ठेवेल, पुन्हा बाप म्हणून. त्याला वाटलं, बर्नडेट म्हणाली तसे आपण बरे असतो तर आपल्याला कळलं असतं.

"लिडिया," तो म्हणाला, "ते शोधून काढतील. तू नाही लिहिलंस तरी."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"डॅड, त्यांचं लग्नाला बोलावल्यासारखं पत्र येतं दर महिन्याला. मला दिसत नाही का? काढू देत शोधून. त्यांना कळू नये म्हणून नाही सोडत मी. मी सांगितलं नाही, एवढं मला माहीत असायला हवंय. तिथे गेले तर त्या तळघरात बसून मला ते आठवायला हवंय. आणि नाही घेतलं, तर..." ती थांबली. "नाही घेतलं तर तुला नको म्हणाले असं व्हायला नको. मला म्हणू देत."

हे त्याच्या कुठल्याच हिशेबात नव्हतं. ती त्यालाही जपत होती. तळघराची गोष्ट त्यानं तिला कधी सांगितली होती हे त्याला आठवेना. सांगितली असणार, बहुधा फार वेळा. तो उठला, गुडघा पुन्हा वाजला. तिनं लॅपटॉप उघडून त्याच्याकडे फिरवला. चौकटीत त्यानं आपलं नाव टाइप केलं, एका बोटानं, एखाद्या परक्याचं नाव शुद्ध लिहावं तसं जपून. खाली वाचलं: घेतलं तर जाणार, बाकी सगळं सोडणार, हे मला समजलं आहे. समजलं आहे यापुढे त्यानं खूण केली. तेवढं मात्र खरं नव्हतं. मग तो तिथेच उभा राहिला. त्याला वाटलं, आता ती पाठवेल आणि आपण पाहू. ती त्याच्याकडे पाहत राहिली.

"तू जा आता," ती म्हणाली, आणि ते फार प्रेमानं म्हणाली.

त्यानं दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबला. त्याच्या वेळी अर्ज पाकिटात होता आणि टपालपेटी गावाच्या टोकाला, रेल्वेच्या फाटकापाशी. बर्फ पडून गेलं होतं. बाप ट्रकमध्ये बसून राहिला, इंजिन चालू ठेवून, आणि तो एकटा चालत पेटीपर्यंत गेला होता. लोखंडी झाकण त्यानं उचललं, पाकीट सोडलं, झाकण पडलं. त्याचा दणका ट्रकपर्यंत गेला. तो परत येऊन बसल्यावर बाप 'झालं' एवढंच म्हणाला आणि गिअर टाकला. पुढे वाटेत काही बोलला नाही. तेव्हा रसेलला वाटलं होतं, बापाला यातलं काही कळत नाही. आज पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं की बाप झाकण पडेपर्यंत कान लावून बसला असेल, आणि त्यानंतर त्याच्यापाशी करायला काहीच उरलं नसेल, म्हणून त्यानं गिअर टाकला असेल.

दारामागे काहीच आवाज नव्हता. बटणाला आवाज नसतो. तिनं पाठवलं असेल, किंवा अजून वाचत असेल, किंवा त्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसली असेल. आणि यातलं काय, हे कळायची काही सोय नव्हती. रसेल कठड्यावर हात ठेवून उभा राहिला. खालून कॉनीचा आवाज आला.

"झालं का?"

"कळत नाही," तो म्हणाला. "आवाजच आला नाही."

"तुला कशाला यायला हवा आवाज?" कॉनी म्हणाली. "ये खाली."

तो आणखी थोडा थांबला. मग, पायऱ्या वाजू नयेत म्हणून कडेकडेनं, खाली उतरायला लागला.